भिंतीला टेकवलेला आरसा

मोठा आरसा कधी आडवा करून नेऊ नये. उभाच न्यावा, आजारी माणसाला जिना उतरवतात तसा, दोन्ही बाजूंनी धरून.

कात्री कापडात असताना मान वर करायची नसते.

चष्म्याच्या दुकानात माणूस गळ्यापर्यंतच असतो.

‘वजन किती?’ ‘एका माणसाइतकं.’ ‘कुठल्या? माझ्या की तुमच्या?’

शोकेसमध्ये बसलेल्या बाईला रस्त्यावरच्या लोकांनी पुतळा समजलं. त्यात लोकांची काही चूक नाही.

फुलपाखरू भिंतीच्या आत पडलं तर ते परत काढता येत नाही.

सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. भांडण नव्हतं. बोलायची वेळच कधी आली नव्हती.

आता एकेक करून सांगतो.

•

शोकेसमधली बाई माझी बायको.

कपड्यांच्या मोठ्या दुकानांच्या काचा सजवणं हे तिचं काम. पुतळ्यांना कपडे घालायचे, मागे पडदे ताणायचे, शिडीवर चढून दिवे हवे तसे वळवायचे. घरात ड्रिल मशीन तिचं, हातोडी तिची, मोजायची टेपही तिचीच. मी बल्ब बदलला तरी ती शेजारी येऊन उभी राहायची, ‘पडलास तर झेलायला,’ म्हणून.

त्या दुपारी एका पुतळ्याच्या बाहीला टाचण्या लावता लावता ती खाली बसली. टाचण्या ओठांत धरलेल्या. बसली ती उठली नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. काचेबाहेरून लोक येत-जात राहिले. कुणीतरी थांबून काचेवर टिचकी मारली, ती हलली नाही म्हणून हसून पुढे गेलं. हे मला दुकानातल्या मुलीने सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. तिला ते एकटीला उचलवत नसेल.

•

आरसा सासूबाईंचा.

बायकांचे कपडे शिवायचं त्यांचं दुकान होतं. नवरा लवकर गेला, दोन मुलं त्यांनी त्या दुकानावर वाढवली. पुढे डोळे साथ देईनात. सुईत दोरा ओवून द्यायला गिऱ्हाइकाला सांगायची पाळी आली, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. मशीन देऊन टाकलं, कापायचं टेबल देऊन टाकलं, आणि आरसा तेवढा घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. माझ्याहून उंच आरसा, जाड लाकडाची चौकट, पाठीला फळ्या. चौकटीच्या कडेला खडूचे हात पुसून पुसून पांढुरकी झालेली एक जागा. ती धुऊन जात नाही.

भिंत बायकोची.

आमचं घर म्हणजे एक लांबलचक खोली आणि तिच्या टोकाला स्वयंपाकघर. आईला स्वतःची जागा हवी म्हणून तिने ती खोली मधोमध कापली. पत्र्याचे उभे खांब, त्यांना दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड, वर फिकट रंग. अलीकडे आमचा पलंग, पलीकडे आईचा. पलीकडे पलंग आणि कपाट ठेवल्यावर आरसा मावेना. मग तो आमच्या बाजूला आला, जमिनीवर, त्याच भिंतीला टेकवून.

‘त्यांना म्हणावं, असा टेकवून ठेवू नका. कललेल्या आरशात माणूस उगाच उंच दिसतं. घेरही खोटा दिसतो.’

‘अरे, आई म्हणतेय लावून टाक.’

‘लावू या म्हणावं, पण भिंत पोकळ आहे.’

‘आई, भिंत पोकळ आहे म्हणतोय.’

‘ऐकलं मी. बहिरी नाहीये.’

आमच्या घरात बोलणं असं चालायचं. मी सासूबाईंना काय म्हणायचं हे लग्नाच्या वेळी ठरायचं राहून गेलं, ते राहिलंच. ‘आई’ म्हणायला जीभ वळेना. दुसरं काही म्हणणं बरं दिसेना. त्याही जावई म्हणून मला अहो-जाहो करायच्या, पण तोंडावर नाही, मुलीमार्फत. मध्ये ती उभी असायची. ती वैतागायची. ‘मी काय टेलिफोनची तार आहे का?’ म्हणायची. आणि निरोप पोचवायची.

ती गेल्यावर पाहुणे पांगले, घर रिकामं झालं, त्या सकाळी सासूबाई गॅसपाशी उभ्या राहून म्हणाल्या,

‘त्यांना विचार, चहा टाकू का.’

 

‘टाका म्हणावं.’

मधली ओळ आम्ही रिकामी सोडली. पुढेही सोडत राहिलो.

•

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मुलगी लहान असताना सासूबाई तिला दुकानात कापायच्या टेबलाखाली बसवत. वर कापड पसरलेलं, कात्री चाललेली. कात्री कापडात असताना मान वर करायची नाही, खालीही वाकून बघायचं नाही. रेघ चुकली की अख्खं कापड वाया. मग मूल खाली आहे की रस्त्यावर गेलं, हे कसं कळणार? सासूबाईंच्या बोटात अंगुस्तान असे. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतात ती लोखंडी टोपी. ती त्या टेबलावर दोनदा वाजवायच्या. टक टक. आहेस? टेबलाखालून मुलगी मुठीने एकदा वाजवायची. टक. आहे.

मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, आई तिच्याकडे राहायला आली, मध्ये पातळ भिंत उभी राहिली. आणि पहिल्याच दिवशी झोपण्याआधी पलीकडून आवाज आला. टक टक. बायको भिंतीच्या बाजूला झोपायची. तिने पुस्तकातून मान वर न काढता हात लांब केला आणि बोटाच्या गाठीने एकदा वाजवलं.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘काही नाही. हजेरी.’

मग ते रोजचंच झालं. भांडण झालेलं असलं तरी. एकदा दोघी दिवसभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, तरी वाजलं. एकदा बायको अर्धवट झोपेत होती. तिचा हात गेला, वाजवून परत आला. सकाळी तिला आठवतही नव्हतं.

ती गेल्यापासून भिंत वाजली नव्हती. सासूबाई रात्री अंगुस्तान डब्यात घालून झाकण घट्ट लावत. झाकणाचा आवाज मला अलीकडे ऐकू यायचा.

•

मेहुण्याचा फोन आला.

‘भाऊजी, आईला मी घेऊन जातो. रविवारी संध्याकाळी गाडी आणतो.’

‘त्यांना इथे काही त्रास नाही.’

‘तसं नाही हो. पण आता तुमच्याकडे... म्हणजे ताईच नाही, तर जावयाच्या घरी आई, लोकांना काय सांगायचं? तुम्हालाही अडचण.’

‘मला अडचण नाही.’

‘तुम्ही चांगले आहात म्हणून म्हणताय.’

तोही चांगला आहे. मला राग धरायलाही जागा नव्हती.

सासूबाईंनी दोन पिशव्या काढल्या. जाऊ नका, असं मला त्यांना सांगायचं होतं. एवढंच. पण सांगणार कुणाला, ‘त्यांना म्हणावं राहा’? मला बायको भेटली ती मोठी झाल्यावर. त्याआधीची ती, दात पडलेली, टेबलाखाली चिंध्यांची बाहुली करणारी, परीक्षेत नापास होऊन दुकानाच्या मागच्या दाराने येणारी, ती सगळी सासूबाईंपाशी होती. त्या गेल्या की माझी बायको पुन्हा एकदा जाणार होती, आणि या वेळी लहानपणापासून.

मग मला आरसा आठवला.

सासूबाईंनी दुकानाच्या जागा बऱ्याचदा बदलल्या होत्या. त्यांचा नेम असा, की नव्या जागेत सगळ्यांत आधी आरसा लावायचा. मशीन नंतर, पाटी नंतर, स्वतःला बसायला स्टूल त्याहून नंतर. ‘आरसा टेकवलेला दिसला,’ त्या बायकोला सांगायच्या, मला ऐकू जाईल अशा आवाजात, ‘की गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, येताय की जाताय?’

त्या आमच्याकडे आल्यापासून आरसा टेकवलेलाच होता.

मला जे बोलता येत नव्हतं ते मी भिंतीवर लावणार होतो.

•

‘वजन किती?’ हार्डवेअरच्या दुकानदाराने विचारलं.

‘एका माणसाइतकं.’

‘कुठल्या? माझ्या की तुमच्या?’ त्याचं पोट गल्ल्याला टेकलं होतं.

‘माझ्या.’

‘मग होईल. माझ्याइतकं असतं तर घर बदला म्हणालो असतो. भिंत कसली?’

‘जिप्सम बोर्डची.’

‘म्हणजे पुठ्ठा.’

‘बायकोने घालून घेतलीय.’

‘मग भिंत म्हणू आपण,’ तो हसला. ‘हे बघा, साधा खिळा ठोकाल तर आरसा तुमच्यासकट खाली येईल. आधी आतले खांब शोधा. बोटाच्या गाठीने ठोकत जायचं. पोकळ जागा ढब ढब वाजते. खांब आला की आवाज बदलतो. खांबांवर ही पट्टी आडवी मारा, तिची जोडीदार आरशाच्या पाठीला. एकीच्या खाचेत दुसरी बसते. आणि हे आमचं फुलपाखरू.’

त्याने एक लांब बोल्ट काढला. टोकाला स्प्रिंगचे दोन पंख.

‘पंख मिटून भोकातून आत सारायचं. आत गेलं की उघडतं. स्क्रू आवळला की मागून मिठी मारून बसतं. फक्त एक करा. आधी बोल्ट पट्टीतून घाला, मग भिंतीत. उलट केलंत आणि स्क्रू परत काढलात, तर पंख आत पडले. मग ते भिंतीचे.’

‘बरं.’

‘तुमचे हात ड्रिलवाले दिसत नाहीत हो. भिंत घालणारीलाच सांगा ना लावायला.’

‘ती बाहेर गेलीय,’ मी म्हणालो.

•

रविवारी दुपारी मी पलंग सरकवला. तिची बाजू मोकळी झाली. भिंतीवर त्या उंचीला रंग थोडा चकाकत होता, उशी घासून घासून. मी तिकडे फार बघितलं नाही.

पलीकडे सासूबाई पिशवीचा तुटलेला बंद शिवत होत्या. शिवताना त्या दोरा दाताने तोडतात, तो आवाज येत होता.

मी पेन्सिलीने भिंतीवर एक आडवी रेघ मारली आणि ठोकायला सुरुवात केली.

ढब. ढब. ढब.

थोडं उजवीकडे. ढब. कान भिंतीला लावला. आतली पोकळी मोठ्या डब्यासारखी वाजत होती. ढब. आणखी बोटभर.

टक.

सापडला. मी कानावरची पेन्सिल काढली. खूण करायला हात उचलला.

भिंत वाजली.

टक टक.

लोखंडाचा आवाज. माझ्या तळहाताच्या मागे, दोन बोटांवर.

मी तसाच उभा राहिलो. खोकता आलं असतं. ‘मी आहे, आरसा लावतोय,’ असं मोठ्याने म्हणता आलं असतं. ड्रिल चालू करता आलं असतं, म्हणजे सगळंच स्पष्ट झालं असतं. पलीकडे दोरा तुटला नाही, पिशवी सरकली नाही. पलीकडे कुणीतरी श्वास धरून थांबलं होतं. तो प्रश्न या भिंतीत आजवर कधी बिनउत्तराचा राहिला नव्हता. भांडणातसुद्धा नाही. झोपेतसुद्धा नाही.

मी बोटाच्या गाठीने एकदा वाजवलं.

•

सासूबाई दारात आल्या. चष्मा कपाळावर, बोटात अंगुस्तान, त्यातून लोंबणारा दोरा.

‘तुम्ही होतात.’

माझ्याशी. सरळ. मध्ये ‘म्हणावं’ नाही.

‘मी होतो.’

‘मला माहीत होतं. सकाळपासून कानावर पेन्सिल घेऊन फिरताय. मला सगळं माहीत होतं.’ त्यांनी अंगुस्तान घातलेलं बोट माझ्यासमोर धरलं. ‘ह्याला नव्हतं. ह्याला कुणी सांगितलंच नाही.’

त्या पलंगावर बसल्या. सरकवलेल्या, तिरक्या पलंगावर, तिच्या बाजूला. मी जमिनीवर बसलो. मग आम्ही रडलो. आजवरही रडत होतोच, पण भिंतीच्या दोन बाजूंना, एकमेकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, आणि दोघांनाही सगळं ऐकू जायचं.

बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने नाक पुसलं आणि भिंतीकडे बघितलं. डोळे बारीक केले.

‘ती रेघ कसली?’

‘आरसा. मध्य धरलाय. डोळ्यांच्या उंचीवर.’

‘कुणाच्या डोळ्यांच्या?’

‘म्हणजे... माणसाच्या.’

त्या उठल्या. रेघेपासून खाली वीत वीत मोजत गेल्या आणि स्वतःच्या गुडघ्याशी थांबल्या.

‘खालची कड इथे येणार. आणि पाय कुठे गेले माणसाचे?’

मी चष्मे विकतो. दिवसभर माणसांच्या तोंडासमोर हातभर आरसा धरतो. पाय माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

‘चष्मेवाले तुम्ही,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचा माणूस गळ्याशी संपतो. आमचं काम पायापासून. खालची मुडप दिसली पाहिजे. वीतभर जागा सोडा जमिनीपासून, बास.’

‘ती असती तर हसली असती.’

‘हसली असती? वर्षभर सांगत बसली असती सगळ्यांना.’

आणि त्या हसल्या. फुस्सकन, नाकातून. अगदी तिच्यासारख्या. मला बघवेना.

•

नवी रेघ खाली मारली. आत खांब उभा होता, वर सापडला तोच खाली आला होता. पुन्हा ठोकून बघायची गरज नव्हती. तरी दोघांचेही हात एकदा भिंतीकडे जाऊन मागे आले.

त्यांनी खाली वर्तमानपत्र धरलं, मी ड्रिल चालवलं. पांढरी भुकटी त्यांच्या मनगटांवर पडली. मी फुलपाखराचे पंख मिटले, भोकात सारलं, आत ते उघडल्याचं बोटांना कळलं. मग मी पट्टीकडे हात केला. पट्टी जमिनीवर होती. आधी पट्टीतून, मग भिंतीत.

‘काय झालं?’

‘उलट केलं.’

मी स्क्रू परत काढला. भिंतीच्या आत काहीतरी सुटलं, पत्र्यावर आपटत खाली खाली गेलं, आणि तळाला जाऊन पडलं. आम्ही दोघं कान देऊन उभे होतो.

‘ते आता निघायचं नाही,’ मी म्हणालो.

‘राहू दे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘रिकामी तरी नको राहायला.’

दुसऱ्या वेळी नीट झालं. पट्टी बसली. आरसा आम्ही दोघांनी उचलला, उभा, एका बाजूने त्या, एका बाजूने मी. आयुष्यभर मोठी कात्री चालवलेले हात होते त्यांचे, माझ्याहून घट्ट धरत होते. ‘हळू. हळू. माझ्याकडे या. आता सोडा थोडा.’ त्या मला सूचना देत होत्या, मी ऐकत होतो. पाठीची पट्टी भिंतीच्या पट्टीत बसली. खट्ट झालं. आम्ही हात काढले. परत लावले. परत काढले.

मी बुडबुड्याची लेव्हल शोधायला लागलो.

‘तो बुडबुडा मला दिसत नाही,’ त्या म्हणाल्या. त्यांनी अंगुस्तान बोटातून काढलं, दोऱ्याला बांधलं आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून खाली सोडलं. ते झुललं, मंदावलं, थांबलं. दोरा लाकडाच्या कडेला चिकटून सरळ खाली उतरला होता. वरून खालपर्यंत कुठेही फट नाही.

‘ओळंब्यात आहे,’ त्या म्हणाल्या.

मग आम्ही आरशात बघितलं. उंच दिसत नव्हतो. होतो तेवढेच होतो. पायांसकट.

त्यांचा हात आपसूक माझ्या खांद्यावर आला, शर्टाची शिवण ओढून सरळ करायला.

‘डावा खांदा पडतो तुमचा. तिला सांगितलं होतं मी, शर्ट घेताना बघत जा म्हणून.’

‘मला कधी बोलली नाही.’

‘काही काही ती मध्येच ठेवून घ्यायची,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचंही घेतलं असेल.’

घेतलं होतं. मी एकदा तिला म्हणालो होतो, तुझ्या आईच्या खोलीतून दोरा तुटल्याचा आवाज आला की मला घरी आल्यासारखं वाटतं. सांग त्यांना. ती म्हणाली होती, तूच सांग की कधीतरी.

मी सांगणार होतो. तोंड उघडलं होतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

•

‘आई,’ मी म्हणालो.

सासूबाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मान वळवली नाही.

‘आरसा लागलाय. राहा.’

त्या दोऱ्याची गाठ सोडवत होत्या. गाठ सुटेना. सुटली तेव्हा त्यांनी अंगुस्तान मुठीत घेतलं.

‘राहिले तर मी रोज विचारीन. ह्या हाताचा भरवसा नाही मला. आणि तुम्ही रोज उत्तर द्याल.’

‘देईन.’

‘तेच तर.’ त्यांचा आवाज अगदी साधा होता, कापडाचं माप सांगावं तसा. ‘आज दिलंत. मला माहीत होतं कोण आहे, आणि तरी गोड लागलं. उद्याही गोड लागेल. मग पोरगी गेली हे मला कळायचं कधी?’

‘मी नाही वाजवणार.’

‘मग मी विचारत राहीन आणि भिंत गप्प बसेल. ते तरी सोसेल का मला?’

मी ड्रिलची वायर गुंडाळू लागलो.

‘तुम्ही चांगलं लावलंत,’ त्या म्हणाल्या. ‘फार चांगलं लावलंत.’

•

मेहुणा धापा टाकत वर आला. हातात जुन्या चादरींचा ढीग.

‘अरे! भाऊजी, तुम्ही आरसा लावलात? मी गुंडाळायला चादरी आणल्यात. आई, तुझा आरसा न्यायचा होता ना?’

‘राहू दे त्याला. लागलाय तो.’

‘अगं पण तुझा आहे.’

‘लागलेला आरसा काढू नये. उचल त्या पिशव्या.’

त्याने पिशव्या उचलल्या. सासूबाईंनी चप्पल घातली. दारात थांबल्या. माझ्याकडे बघितलं नाही, मुलाच्या खांद्याकडे बघत म्हणाल्या,

‘त्यांना म्हणावं, ओल्या फडक्याने पुसू नका. पाणी चौकटीत जातं. कोरड्याने पुसा.’

‘भाऊजी, आई म्हणतेय की...’

‘ऐकलं,’ मी म्हणालो.

जिन्यात त्यांची पावलं उतरत गेली. मुलगा म्हणत होता, ‘हळू, आई. धर माझा हात.’ गाडीचं दार लागलं. एकदा नीट लागलं नाही, पुन्हा लागलं.

मी खोलीत परत आलो. वर्तमानपत्रावरची पांढरी भुकटी गोळा केली. पलंग जागेवर सरकवला, मग लक्षात आलं की पलंग जागेवर नेला तर आरशाचा खालचा भाग झाकतो, म्हणून पुन्हा ओढून खोलीच्या मध्ये आणला. तो आता तिथेच असतो. भिंत हाताच्या अंतरावर राहिलेली नाही.

आरशात मी पूर्ण दिसतो. डावा खांदा पडतो माझा.

•

भिंत उभी राहत होती तेव्हा कारागिराने विचारलं होतं, दोन बोर्डांच्या मध्ये आवाज अडवणारी लोकर भरायची का. बायको नको म्हणाली.